परतीची आठ मिनिटं

पहाटे 4:40

“डॉक्टर, दुसरा लिटर आत्ता प्यायचाच हाय व्हय? रातीत सगळं पोट मोकळं झालंय. आता नुसतं पाणीच पडतंय बघा.”

गडहिंग्लजच्या पलीकडच्या गावातल्या या मावशी काल संध्याकाळीच कोल्हापुरात येऊन स्टँडजवळच्या लॉजवर उतरल्या आहेत. सोबत सून आहे.

“पाणी कसल्या रंगाचं, मावशी?”

“पिवळं.”

“खाली तळ दिसतो का?”

पलीकडे सुनेशी काहीतरी सल्लामसलत. “तळ नाय दिसत. गढूळच म्हणायचं.”

“मग प्या. एका दमात नको. पाव-पाव तासानं ग्लास ग्लास.”

“पितो बाबा,” म्हणून त्या फोन ठेवतात.

कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बीण-तपासणीच्या पेशंटना मी माझा नंबर देतो. घरात हे कुणालाच पसंत नाही. पण माझ्या कामाचा निम्मा निकाल याच वेळी लागतो, हे वर्षानुवर्षं पाहून पटलेलं आहे. पोट साफ करायचं दोन लिटरचं औषध आदल्या संध्याकाळी सगळं पिऊन माणूस झोपला, की रात्रभर लहान आतड्यातून पित्त आणि चिकट रस मोठ्या आतड्यात उतरत राहतो. मोठं आतडं सुरू होतं पोटाच्या उजव्या बाजूला, खाली, अपेंडिक्सपाशी. सकाळपर्यंत नेमक्या त्याच भागावर पिवळट थर बसतो. म्हणून एक लिटर संध्याकाळी आणि दुसरा तपासणीच्या चार ते सहा तास आधी. दोन तास आधी तोंड पूर्ण बंद.

वैद्यकशास्त्राला हे सोपं आहे, एसटीला नाही. पहाटे लिटरभर औषध पिऊन माणूस चंदगडहून किंवा आजऱ्याहून गाडीत बसूच शकत नाही. गाडीत संडास नसतो आणि कंडक्टर दर दहा मिनिटांनी घंटी मारणार नाही. त्यामुळे लांबच्या पेशंटपुढे दोन वाटा: आदल्या रात्री येऊन राहा, नाहीतर दुपारची वेळ घ्या आणि दुसरा लिटर इथं येऊन प्या. आमच्याकडे त्यासाठी संडास जोडलेल्या दोन खोल्या राखून ठेवल्या आहेत. त्या खोल्यांतून कमाई काही नाही, पण त्या नसत्या तर कोकणातून करूळ घाट चढून येणाऱ्या माणसाची तपासणी निव्वळ नावापुरती झाली असती.

7:30

मामा आधीच आलेले असतात. आमच्या एंडोस्कोपी विभागाचे ते सगळ्यात जुने टेक्निशियन. सगळे त्यांना मामाच म्हणतात, मीही. दुर्बिणी कपाटात लटकलेल्या असतात, कारण आडवी ठेवलेली दुर्बीण आतून वाळत नाही आणि ओलाव्यात जंतू वाढतात. प्रत्येक पेशंटनंतरचा क्रम ठरलेला. आधी टेबलापाशीच पुसून, आतून पाणी ओढून घ्यायचं. मग कुठं गळती नाही ना ते बघायचं. मग नळीतून ब्रश फिरवायचा, एन्झाइमच्या पाण्यात भिजवायची, जंतुनाशकात ठरलेला वेळ बुडवायची, धुवायची आणि हवा मारून वाळवायची. यात पाऊण तास सहज जातो.

हे सांगतो आहे त्याला कारण आहे. “एवढा वेळ आत काय बघत बसता?” असं कधी कधी सहकारीच विचारतात. त्यांना वाटतं, आत रेंगाळल्यामुळे दिवसाची यादी लांबते. प्रत्यक्षात यादी अडते ती धुण्यापाशी. आत दोन-तीन मिनिटं वाचवून पुढचा पेशंट लवकर घेता येत नाही, दुर्बीण अजून टबातच असते. घाई करून हाती काही लागत नाही, निसटतं मात्र बरंच.

8:15

पहिला पेशंट शहरातलाच. घर हाकेच्या अंतरावर, हातात छापील सूचना. दुर्बीण आत गेली आणि डावीकडेच पडद्यावर मोड आलेली मटकी. एक नाही, पसाभर. मटकीची सालं दुर्बिणीच्या ओढनळीत अडकतात आणि मग पाणीही ओढलं जात नाही. मामांनी पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, “मिसळ.”

दोन दिवस मटकी नको, शेंगदाण्याची चटणी नको, टोमॅटो-पेरूच्या बिया नकोत, पालेभाजी आणि नाचणीची भाकरी नको. मऊ भात, दही, गाळलेलं वरण चालतं. तांबडा रस्सा वर्ज्य. त्यात खोबरं-तीळ असतात, आणि पेशंट “फक्त रस्सा प्यालो” असं म्हणतो तेव्हा सोबत मटणही असतं. कोल्हापूरच्या माणसाला हे सांगणं सोपं नाही. पण सांगायचं.

आतडं किती साफ आहे ते मोजायची बॉस्टनची एक पद्धत आम्ही वापरतो. उजवा, मधला आणि डावा अशा तीन भागांना 0 ते 3 गुण, एकूण 9. कुठल्याही भागाला 2 पेक्षा कमी मिळाले तर ती तपासणी भरवशाची नाही. आजच्या उजव्या बाजूला 1. मी थांबलो आणि दुसरी तारीख दिली. पेशंट नाराज झाला, बिलाबद्दल बोलला. बिल कमी केलं, पण अहवालात “सर्व ठीक” असं लिहिलं नाही.

9:25

मावशी. उजवी बाजू आरशासारखी लख्ख, 3 गुण. सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत पोहोचून मी परत फिरलो आणि उजवीकडचा भाग दोनदा पाहिला. काहीच नव्हतं. काहीच नसलेलं आतडं बघायलाही तितकीच मिनिटं लागतात. नंतर सुनेनं विचारलं, “काय सापडलं नाही, मग उगंच केलं व्हय?” मी म्हटलं, “नाही हो, आता दहा वर्षं विसरा.” मावशींच्या चेहऱ्यावरून त्या त्यातला शेवटचा शब्द तेवढा ऐकून खूश झाल्याचं दिसलं.

10:20

निपाणीचे एक 58 वर्षांचे गृहस्थ, बाजारपेठेत दुकान आहे. तक्रार अशी की सहा महिने शौचाला लाल रक्त पडतंय. मी नेहमीचे प्रश्न विचारले. रक्त पातळ करायची गोळी? नाही. घरात कुणाला आतड्याचा कर्करोग? नाही. बिडी? ते हसले. “डॉक्टर, निपाणीच्या माणसाला हे विचारता?” निपाणीची ओळखच बिडीच्या तंबाखूची. पण प्रश्न सवयीचा नव्हता. ज्या चपट्या, दातेरी म्हणजे सेरेटेड गाठींबद्दल मी आज सांगतो आहे, त्यांच्याशी धूम्रपानाचा संबंध साध्या गाठींपेक्षा जास्त घट्ट आहे.

भुलीच्या डॉक्टरांनी झोप दिली. पेशंट डाव्या कुशीवर, हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड, म्हणजे नंतर पोट फुगून दुखत नाही. आत जाताना मी फारसं पाहत नाही, तेव्हा फक्त वाट काढायची असते. गुदद्वारापाशी मूळव्याध दिसली, रक्ताचा उगम बहुधा तिथंच. सीकमला पोहोचलो: अपेंडिक्सचं तोंड, लहान आतड्याची झडप, दोन्हींचे फोटो. मामांनी घड्याळ चालू केलं.

खरी तपासणी इथून सुरू होते. 2006 साली अमेरिकेतल्या रॉकफर्ड गावच्या 12 डॉक्टरांच्या कामाचा हिशेब प्रसिद्ध झाला. जे परतताना सरासरी 6 मिनिटांहून जास्त वेळ घेत होते, त्यांना 28.3 टक्के पेशंटमध्ये गाठी सापडल्या. घाईवाल्यांना 11.8 टक्क्यांत. तेव्हापासून 6 मिनिटं हा दंडक झाला. 2024 मध्ये अमेरिकेतल्या दोन संघटनांनी तो सरासरी 8 मिनिटांवर नेला, आणि त्याच वेळी प्रथमच सांगितलं की साध्या गाठींबरोबर सेरेटेड गाठींचाही वेगळा हिशेब ठेवा. पंचेचाळिशीपुढच्या किमान 6 टक्के लोकांत त्या सापडायला हव्यात. आपल्याकडे मोठ्या आतड्याचा कर्करोग पाश्चात्त्य देशांच्या मानानं कमी, आणि माझ्याकडे येतात ते बहुतेक तक्रार घेऊनच. त्यामुळे तिकडचा आकडा जसाच्या तसा इथं लावता येत नाही. मी तो स्वतःला टोचणी म्हणून वापरतो.

पहिल्या फेरीत उजवीकडे काही नव्हतं. यकृताजवळच्या वळणापर्यंत आलो आणि दुर्बीण पुन्हा सीकमला नेली. ही दुसरी फेरी मी कधीच टाळत नाही, कारण वळ्या दुसऱ्यांदा वेगळ्या कोनातून उघडतात. चढत्या आतड्याच्या मधल्या एका वळीच्या पाठीमागं, दुधावरच्या सायीसारखा पिवळट शेंबडाचा पातळ तुकडा चिकटलेला. कडेला दोन-चार बुडबुडे आणि मळाचे कण अडकलेले. खालच्या बारीक रक्तवाहिन्या तेवढ्याच जागेत गायब.

मामा म्हणाले, “धुऊ?”

“थांबा. आधी फोटो.”

कारण शेंबूड धुतला की खूणच जाते. साधी गाठ म्हणजे एडिनोमा, ती लालसर असते, पुष्कळदा उंचवट्याची, कधी देठाची, डोळ्यांत भरते. ही तशी नसते. चपटी, फिकट, आजूबाजूच्या अस्तराच्याच रंगाची, आणि कडा कुठं संपते ते कळत नाही. बहुतेक वेळा उजव्या बाजूलाच, आणि नेमकी तिथंच साफसफाई अपुरी राहते. ती रक्त सांडत नाही, म्हणून शौचातलं लपलेलं रक्त शोधणाऱ्या चाचणीलाही अनेकदा हुलकावणी देते. या गृहस्थांना घेऊन आलं ते मूळव्याधीचं रक्त. ते नसतं तर या गाठीनं त्यांना कधीच इकडं पाठवलं नसतं.

पाण्याच्या फवाऱ्यानं धुतलं. एकदा धुऊन निघालं नाही, तिसऱ्यांदा निघालं. निळसर-हिरव्या अरुंद प्रकाशाचं बटण दाबलं. अशा गाठी ओळखण्यासाठी 2016 मध्ये डच डॉक्टरांच्या पुढाकारानं चार खुणा ठरवल्या गेल्या: पृष्ठभाग ढगाळ, कडा अस्पष्ट, आकार वेडावाकडा, आणि ग्रंथींच्या तोंडांत काळे ठिपके. दोन सापडल्या तरी पुरे. इथं तीन स्पष्ट होत्या, चौथीवर मी पैज लावणार नाही. हल्ली पडद्यावर हिरवी चौकट काढून गाठ दाखवणारी संगणकी प्रणाली मिळते. विक्रेते येतात, दाखवून जातात. चांगली आहे, पण शेंबडाखाली आणि वळीमागं जे आहे ते तिलाही दिसत नाही. वळी मागं सारून धुणारा हात तिला नाही.

मापासाठी गाठ कापायच्या तारेचा 10 मिलिमीटरचा उघडा फास शेजारी धरला. दीडपट, म्हणजे साधारण 15.

पुढचं काम मामांचं आणि माझं दोघांचं. सलाइनमध्ये मिथिलीन ब्लूचे थेंब टाकून गाठीच्या खाली सुई दिली. खालचा थर निळा फुगून वर आला आणि फिकट गाठीची कडा पहिल्यांदाच नीट दिसली. मला या प्रकारच्या गाठीत निळ्या रंगाचा मोठा उपयोग हाच वाटतो, उचलण्यापेक्षाही कडा दाखवण्याचा. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात गाठ काढल्यावर त्याच जागेच्या कडेचे तुकडे तपासले होते. डॉक्टरांना सगळी निघाली असं वाटत असताना साध्या गाठींत सुमारे 7 टक्के वेळा काहीतरी मागं राहिलं होतं, सेरेटेड गाठींत 31 टक्के. 10 मिलिमीटरपेक्षा मोठ्यांत तर जवळपास निम्म्या वेळा. नवख्यांनी नव्हे, अनुभवी हातांनी काढलेल्या.

म्हणून बारीक तारेचा फास, आणि वीज नाही. पूर्वी आम्ही विजेनं जाळून कापत होतो. उजव्या बाजूची भिंत पातळ असते. उष्णता खोल गेली की दोन दिवसांनी छिद्र पडण्याची किंवा आठवड्याभरानं रक्तस्राव होण्याची धास्ती. थंड तारेनं कापलं की लगेच थोडं रक्त झिरपतं आणि तिथंच थांबतं. घरी गेल्यावरचे त्रास कमी. मोठी चपटी गाठ एका घासात येत नाही, तुकड्या-तुकड्यानं काढायची, पण प्रत्येक तुकड्याबरोबर दोन-तीन मिलिमीटर निरोगी अस्तर घ्यायचंच.

“मामा, बंद करा. हळू… अजून… आता पूर्ण.”

फासाची मूठ त्यांच्या हातात असते. तार किती मांस धरतेय ते त्यांना बोटाला कळतं, माझ्याआधी. एकदा ते म्हणाले, “जास्त धरलंय, सोडतो.” सोडलं, पुन्हा धरलं. तीन तुकडे. मग जखमेवर पाणी सोडून, पाण्याखाली कडा परत बारकाईनं पाहिल्या. पाण्यात बारीक पोत जास्त स्पष्ट दिसतो. एका कडेला मला शंका आली, चिमटीएवढा अजून एक घेतला. रक्त दीड-दोन मिनिटांत थांबलं, क्लिप लावावी लागली नाही. तुकडे गाळणीत पकडून, पुठ्ठ्यावर सपाट पसरून फॉर्मालिनमध्ये. चुरगळलेला तुकडा पॅथॉलॉजिस्टला काहीच सांगत नाही. फॉर्मवर जागा ठळक लिहिली: चढतं आतडं, 15 मिलिमीटर, चपटी.

12:10

शुद्धीवर आल्यावर गृहस्थांपेक्षा त्यांच्या पत्नीला समजावणं जास्त महत्त्वाचं. “रक्त मूळव्याधीचं होतं. पण आत एक गाठ सापडली, ती काढली.”

“कॅन्सर हाय?”

“नाही वाटत. पण ठेवली असती तर पुढं काही वर्षांनी होऊ शकला असता. तपासायला पाठवलीय.”

“बिडीमुळं?”

“बिडीनं हातभार लागतो.”

त्या नवऱ्याकडे वळल्या. त्यांच्यात पुढं काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही. पण दारापाशी नर्सनं हसू दाबलेलं पाहिलं. दोन आठवडे जड उचलू नका, लांबचा प्रवास टाळा, भरपूर रक्त पडलं तर थेट या. हे लिहून दिलं आणि वाचूनही दाखवलं.

दुपारी 2:00

दुपारची यादी कोकणची. वैभववाडीचे एक, सावंतवाडीचे दोन, तिघंही इथल्याच खोल्यांत दुसरा लिटर प्यालेले. दोघं साफ. तिसऱ्यांना डाव्या बाजूला देठाची लालबुंद गाठ, दारातूनच दिसावी अशी. फास टाकला, वीज दिली, निघाली. अशा गाठी काढण्याची कला 1969 मध्ये न्यूयॉर्कला शिन्या आणि वुल्फ यांनी सुरू केली. तेव्हापासून आमच्या शास्त्राची जवळपास सगळी शिकवण या देठवाल्या गाठींवरच उभी राहिली. चपट्यांकडे बघायला आम्हाला उशीर झाला.

मी शिकत होतो तेव्हा उजवीकडे फिकट काही दिसलं तरी वरिष्ठ म्हणायचे, हायपरप्लास्टिक आहे, म्हणजे निरुपद्रवी, सोड. 1990 मध्ये लाँगेकर आणि फेनोग्लिओ-प्राइझर यांनी दातेरी कडांच्या गाठींचा वेगळा गट मांडला. 1996 मध्ये टोर्लाकोविच आणि स्नोव्हर यांनी अशा अनेक गाठी असलेल्या पेशंटचं वर्णन केलं. पण हे प्रयोगशाळेतून आमच्या टेबलापर्यंत यायला दोन दशकं गेली.

5:45

पॅथॉलॉजिस्ट मॅडमचा फोन. गेल्या आठवड्यातले जयसिंगपूरकडचे निवृत्त शिक्षक, उजव्या बाजूला तीन छोट्या चपट्या गाठी, 7-8 मिलिमीटरच्या. पहिला अहवाल तिन्ही हायपरप्लास्टिक. मी विनंती केली होती की जागा उजवी आहे, जरा खोल काप घेऊन पाहता का.

“घेतले,” त्या म्हणाल्या. “ग्रंथी वरती दातेरी आहेत, ते तर दोन्ही प्रकारांत असतं. पण तळाशी बघितलं. हायपरप्लास्टिकमध्ये तळ निमुळता असतो. इथं रुंद झालाय, आडवा पसरलाय, बुटाच्या आकाराचा. तिन्हींत.”

“एक ग्रंथी तशी असली तरी पुरे ना?”

“2019 च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांप्रमाणे एक निःसंशय असली तरी चालते. इथं बऱ्याच आहेत. कर्करोगाकडे झुकलेल्या पेशी, डिस्प्लेझिया, नाहीत. नवं नाव लिहिते, सेसाइल सेरेटेड लिजन. आणि डॉक्टर, तुमचे तुकडे सपाट होते म्हणून तळ दिसला. बाकीच्या ठिकाणांहून येतात ते गोळा झालेले असतात.”

हे कौतुक मामांचं होतं, मी त्यांना पोहोचवलं.

तळाच्या या फरकाला इतकं महत्त्व का, हे विद्यार्थीही विचारतात. मोठ्या आतड्याचे बहुतेक कर्करोग साध्या एडिनोमातून होतात. पण 15 ते 30 टक्के या दुसऱ्या वाटेनं येतात. ब्राफ नावाच्या जनुकात बदल होतो, मग अनेक जनुकांवर मिथाइलचे गट चढून ती मुकी होतात. त्यात डीएनएच्या चुका दुरुस्त करणारं एमएलएच1 मुकं झालं, की चुका भराभर साठतात. एक वेळ अशी येते की वर्षानुवर्षं गप्प बसलेली चपटी गाठ झपाट्यानं पुढं जाते. कोलोनोस्कोपी “नॉर्मल” झाल्यावर दोन-तीन वर्षांत उजव्या बाजूला कर्करोग घेऊन येणारा पेशंट कुठल्याही डॉक्टरच्या पोटात गोळा आणतो. त्यातले काही तरी अशाच न दिसलेल्या, किंवा अर्धवट काढलेल्या गाठींचे असतात.

आपल्या सरकारी योजनेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी आहे, आतड्याची नाही. आपल्याकडचं प्रमाण पाहता सरसकट सगळ्यांची कोलोनोस्कोपी करा असं मीही म्हणणार नाही. म्हणूनच मूळव्याधीसाठी, अॅनिमियासाठी, पोटदुखीसाठी जो माणूस टेबलावर आलाय, त्याची ती कदाचित आयुष्यातली एकमेव तपासणी आहे, हे धरून चालावं लागतं.

7:10

गुरुजींना फोन. आधीच्या अहवालाप्रमाणे त्यांना दहा वर्षांनी बोलावलं असतं, म्हणजे वयाच्या 71 व्या वर्षी. नव्या अहवालानं हिशेब बदलला. 10 मिलिमीटरपेक्षा लहान अशा तीन-चार गाठी असल्या तर अमेरिकी शिफारस 3 ते 5 वर्षांची. मी त्यांच्यासाठी तीन धरली. शिवाय त्यांच्या फाइलवर “3” असा आकडा लाल शाईनं लिहिला. या गाठी आयुष्यभराच्या एकत्र मोजायच्या असतात. पुढं गुदाशयाच्या वर 5 मिलिमीटर किंवा मोठ्या अशा पाच झाल्या आणि त्यातल्या दोन 10 च्या वर गेल्या, तर त्याला सेरेटेड पॉलिपोसिस म्हणतात. मग भाऊ-बहिणी आणि मुलांनाही तपासावं लागतं.

“म्हणजे कॅन्सर होता?” गुरुजींचा आवाज उतरला.

“नाही, गुरुजी. तिन्ही पूर्ण काढल्यात. फक्त आधी सांगितलेलं वर्ष बदललंय.”

“तीन वर्षांनी आठवण कोण करणार? तुम्ही फोन कराल?”

खरं तर हा प्रश्नच सगळ्यात अवघड. आमच्याकडे नोंदवही आहे, संगणक आहे, पण पेशंटचा नंबर बदलतो, मुलगा पुण्याला बदलून जातो, फाइल माळ्यावर जाते. मी म्हटलं, “आम्ही करू. पण तुम्हीही कुठंतरी लिहून ठेवा.”

“व्हॉट्सॲपवर पाठवू नका. कागदावर लिहून द्या, मराठीत, तारखेसकट.” थोडं थांबून म्हणाले, “पोस्टात तीन वर्षांची ठेव ठेवायचीच आहे या महिन्यात. त्याच्या पासबुकात घालून ठेवतो. ठेवीची तारीख मी विसरत नाही.”

मी लेटरहेड ओढलं आणि लिहायला घेतलं.